दोनशे बारा छतं

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्यात शहाणा माणूस स्लॅबवर अनवाणी जात नाही. ज्योत्स्ना तायडे जायची. एवढंच नाही, पाहणीला आलेल्या साहेबांनाही ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बूट काढायला लावायची. साहेब आधी बुटाकडे बघायचे, मग तिच्याकडे.

“काढा साहेब. पाय भाजला तर माझं नाव बदला.”

साहेब भीत भीत पाय टेकवायचे आणि त्यांचा चेहराच बदलायचा. हवेत सेहेचाळीस अंश, डोक्यावर सूर्य आग ओततोय, आणि पायाखालची गच्ची माठासारखी गार.

हे दोन हजार एक्केचाळीस सालचं अकोला. शहराच्या कडेची लाकडीपुरा घरकुल वसाहत, दोनशे बारा घरं, सगळी एका साच्यातली. एक खोली, स्वयंपाकाचा कोपरा, बाहेरून जिना, वर स्लॅब. ज्याने ही घरं कागदावर काढली, तो गार खोलीत बसून काढत होता. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळपासून ते खालच्या माणसांवर ओकतं, हे कोणत्याही गवंड्याने सांगितलं असतं. त्याने गवंड्याला विचारलं नाही. त्या स्लॅबखाली त्याची आई झोपणार नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ज्योत्स्नाचा नवरा देवानंद असाच एका दुपारी ऑटो लावून घरी आला. डोकं दुखतंय म्हणाला आणि जमिनीवर आडवा झाला. ज्योत्स्ना चार वाजता कामावरून परतली तेव्हा तो उठला नाही. खोलीत त्रेचाळीस अंश होते. दाखल्यावर लिहिलं, हृदय बंद पडलं. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशाने पडलं, हे लिहायला दाखल्यावर रकाना नव्हता.

ज्योत्स्ना रडली, आणि रडून झाल्यावर चिडली. तो राग तिने उतरू दिला नाही. त्याच वर्षी लेपाची योजना आली, छतं लेपायला बायका हव्या होत्या. बारावी नापास ज्योत्स्ना प्रशिक्षणाला जाऊन पहिल्या बाकावर बसली आणि शिकवणाऱ्याला इतके प्रश्न विचारले की तो जेवणाच्या सुट्टीत तिला चुकवून जायला लागला.

लेप कापसाचा होता. सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, जी पूर्वी कोणी हिशेबात धरत नव्हतं, तिच्यापासून केसाच्या हजाराव्या भागाएवढे तंतू काढायचे, त्यात पांढरी खनिज भुकटी मिसळायची आणि ब्रशने छतावर तीन हात द्यायचे. हा लेप दोन कामं करतो. पहिलं सोपं आहे. शंभर भाग ऊन आलं तर सत्त्याण्णव भाग आल्या पावली परत पाठवतो. चुनाही हे थोडंफार करतो. चुन्याला जमत नाही ते दुसरं काम. जगातली प्रत्येक वस्तू, भिंत असो, म्हैस असो की माणूस, आपली उष्णता न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकत असते. एरवी हवेतली वाफ आणि कर्बवायू तो प्रकाश वाटेतच अडवतात आणि अर्धा खाली परत पाठवतात. पण त्या प्रकाशाचा एक पट्टा असा आहे, की त्याला हवा अडवतच नाही. हवेच्या भिंतीला पडलेली ती खिडकीच म्हणा. लेप आपली सगळी उष्णता नेमक्या त्या खिडकीतून फेकतो. ती ढगांच्याही वर, पृथ्वी सोडून पार अंतराळात जाते, जिथे कल्पना करता येणार नाही इतकी थंडी आहे. म्हणून भर उन्हात छत हवेपेक्षाही गार राहतं. ना वीज, ना पंखा, ना पाणी.

अट एकच. छताला आभाळ दिसलं पाहिजे. मध्ये काही आलं की खिडकी बंद.

दोन वर्षांत ज्योत्स्नाने चार बायकांना हाताशी धरून दोनशे बाराच्या दोनशे बारा छतं लेपली. खोल्या तेहतीस-चौतीस अंशांवर आल्या. लोकांनी कूलर विकले. दुपारी दारं-खिडक्या लावून घेण्याची सवय लागली, कारण आत गार आणि बाहेर झळा. दोन उन्हाळे वसाहतीत एकही माणूस उष्म्याने गेला नाही. रस्त्यात बायका ज्योत्स्नाला थांबवून तिच्या पोटाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, “जेवत जा व माय, हाडं दिसून रायली.”

एक बाई मात्र तिच्याशी बोलेनाशी झाली होती, आणि ती तिच्याच घरात राहत होती. तिची सासू, बेबीबाई.

बेबीबाई सत्तरीच्या. वसाहतीतल्या नऊ बायकांचा कुरडयांचा बचतगट त्यांच्या शब्दावर चालायचा. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, मोठ्या गंजात घाटायचा आणि गरम गरम सोऱ्यातून छतावर पाडायचा. अकोल्याचं ऊन ज्या एका कामाला उपयोगी पडतं ते हे. बेबीबाईंची कुरडई तळली की परातीएवढी फुलते, असं पार अमरावतीपर्यंत बोललं जायचं. ज्योत्स्नाला वाटायचं, सासूचा अबोला देवानंदच्या जाण्यामुळे आहे. विचारायला तिला वेळ नव्हता. अजून छतं बाकी होती. ती संपली तेव्हा शेजारच्या वसाहतीतली सुरू झाली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात विलास डोंगरदिवे बेशुद्ध सापडला.

विलास सूतगिरणीत रात्रपाळीचा पहारेकरी. सकाळी येऊन दारं लावून झोपायचा. त्याची बायको सुनंदा दुपारी तीनला त्याला उठवायला गेली तर अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आणि तो मेलेल्या भावाशी बोलत होता. चौघांनी उचलून दवाखान्यात नेला. बर्फात ठेवला तेव्हा वाचला. खोलीत डॉक्टरच्या माणसाने मोजलं, बेचाळीस अंश.

संध्याकाळ व्हायच्या आत वसाहतीभर एकच बोलणं. लेप फसला.

नगरसेवक बबन ठोसर तर वाटच बघत होता. त्याचं कूलरचं दुकान होतं. दोन वर्षं त्या दुकानात माशा बसत होत्या. तो पांढऱ्या कपड्यांत आला आणि चौकात उभा राहून म्हणाला, “मी पयलेच म्हनलं होतं. दोन वर्षांत उतरते हा रंग. रविवारी सभा घेतो. हात वर करा, सोमवारी घासायची मशीन आनतो, सगळा लेप खरडून काढू. कूलर मी देतो, हप्त्यानं.”

ज्योत्स्ना त्याच्याशी भांडली नाही. ती विलासच्या छतावर गेली.

त्या आठवड्यात धुळीचं वादळ येऊन गेलं होतं. सगळ्या लेपावर तांबूस धुळीचा पातळ थर होता, पण मधोमध दहा बाय बाराचा एक चौकोन लख्ख पांढरा. कडा सरळ रेघेसारख्या. त्या चौकोनात तिने हात ठेवला आणि झटकन उचलला. स्लॅब अजून तापलेला होता. कोपऱ्यात चिकटलेला एक तुकडा तिने नखाने काढला. पांढरा, वाळलेला, दोऱ्यासारखा. जिभेवर ठेवला. मीठ आणि गव्हाचा चीक.

मग तिने जिने चढायला सुरुवात केली. एकामागून एक. अंधार पडायच्या आत तिला नऊ चौकोन सापडले. नववा तिच्या स्वतःच्या छतावर होता. तीन आठवडे ती दुसऱ्यांच्या छतांवर फिरत होती, स्वतःच्या छतावर एकदाही चढली नव्हती.

खाली बेबीबाई सुपात गहू निवडत बसल्या होत्या.

“आत्याबाई, ताडपत्री कुठी हाय?”

बेबीबाईंनी मान वर केली नाही. “पलंगाखाली. काळी. दोन हायेत.”

इतक्या सरळ उत्तराची तयारी ज्योत्स्नाने केली नव्हती. ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

“विलासभाऊ मरता मरता वाचले.”

“मले माहीत हाय. मी दवाखान्यात जाऊन आली. तू अजून नाई गेली.”

“मी छतं पायत होती.”

“तेच तं. तू छतंच पायते.”

बेबीबाईंनी सुपातले खडे बाजूला टाकले. मग ज्योत्स्ना म्हणाली, “मी घरोघर सांगतलं होतं. लेपावर काई ठेवाचं नाई.”

“सांगतलं. विचारलं नाई.” बेबीबाईंनी सूप खाली ठेवलं. “पाय, मी एकवीस वर्षांची होती तवापासून कुरडया करतो. तुह्या नवऱ्याचं शिक्षण, ऑटो, तुमचं लगन, समदं त्याच्यावर झालं. तुह्या लेपावर कुरडई वरून कडक होते अन् खालून वली रायते. तिसऱ्या दिवशी आंबते. मागल्या साली बारा पायल्या गव्हाचा चीक आमी नालीत ओतला. तू बादली घेऊन जिन्यानं वर जात होती, आमी खाली ओतत होतो. तुले वास नाई आला?”

आला होता. ज्योत्स्नाला वाटलं होतं, नाली तुंबली.

“मले काऊन नाई सांगतलं?”

“कवा सांगू? रात्री तू मेल्यावानी निजते. अन् सांगून तू काय म्हनली असती? कुरडई मोठी का मानूस मोठा, हेच ना? मग मले ऐकून घ्या लागलं असतं, कारन तो मानूस माहा लेक होता.” त्या थांबल्या. “लेप वाईट हाय असं मी कवा म्हनलं? गार वाटते मलेबी. पन नऊ बायांचे हात रिकामे झाले, ते कोन्या मशीननं मोजाचे? मीनंच त्याइले सांगतलं, काळी ताडपत्री टाका, दोन दिवसात वाळते. खाली निजलेला मानूस शिजते, हे ध्यानात नाई आलं. आपल्याले गारव्याची सवय झाली ना.”

हीच खरी चूक होती आणि ती दोघींची मिळून होती. काळी ताडपत्री सत्तर अंशांपर्यंत तापते. ती स्लॅबला चिकटून दोन दिवस पडली की स्लॅब भट्टीच्या विटेसारखा होतो. पूर्वी लोक असल्या दिवसांत दारं सताड उघडी टाकत, कूलर लावत, ओली चादर घेत. आता दारं बंद होती आणि कूलर विकलेले.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. डोळे सुजलेले. दारातच उभी राहिली.

“जोस्नाताई, सभेत माह्यं नाव नका घेऊ. मीच टाकली ताडपत्री, ते खाली निजले होते अन् मीच टाकली. त्यायच्या मायले समजलं तं मले घरात घेनार नाई. लोक म्हनतीन नवऱ्याले माराले निघाली होती.”

“अन् नाव नाई घेतलं तं लेप खरडतीन.”

“मले समजते,” सुनंदा म्हणाली, आणि गेली.

ज्योत्स्ना दिवसभर त्या दोन गोष्टी तराजूत टाकून बघत राहिली. खरं बोलली तर नऊ बायका उघड्या पडतात, त्यातली एक सासू. गप्प राहिली तर दोनशे बारा छतं जातात, आणि जूनपर्यंत कोणीतरी जमिनीवर आडवं होतं आणि चार वाजता उठत नाही. तिने खूप हुशार वाटा शोधल्या. एकही सापडली नाही.

रविवारी पाच वाजता समाजमंदिरासमोर सगळी वसाहत जमली. ठोसरने अर्धा तास भाषण केलं. “आपल्या गरिबायच्या जिवावर हे प्रयोग करतात,” असं तो तीनदा म्हणाला. वाक्य खरं होतं, तोंड चुकीचं होतं. मग तो म्हणाला, “ज्याइले लेप नको, हात वर.”

“थांबा,” ज्योत्स्ना उठली. “लेप फसला नाई. विलासभाऊचं छत झाकलं होतं. काळ्या ताडपत्रीनं. असे नऊ छतं झाकले होते. त्यातलं एक माह्यं हाय.”

कुजबुज झाली. ठोसर हसला. “बाकीचे आठ कोनाचे? नावं सांगा. खोटं बोलाले कोनाच्या बापाचं काय जाते?”

“नावं सांगत नाई. काऊन झाकले ते सांगतो. कुरडया वाळवाले झाकले. कुरडया वाळत नव्हत्या, कारन मी छत गार केलं. योजनेचा फॉर्म चौसष्ट प्रश्नांचा होता. छत किती बाय किती, भेग हाय का, टाकी कुठी हाय, समदं मी दारोदार भरून घेतलं. तुमी छतावर करता काय, हा प्रश्न त्याच्यात नव्हता. ज्यानं फॉर्म बनवला त्याच्या घरची बाई छतावर जात नसन. पन मी तं अथीच रायतो. मले दिसाले पायजे होतं. विलासभाऊ दवाखान्यात हाय त्याच्यातली अर्धी चूक माही हाय.”

“अन् अर्धी माही.” बेबीबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “ताडपत्री टाका असं मी सांगतलं. माह्या शब्दावर बायांनी टाकली. कोनाले शिव्या द्याच्या असतीन तं मले द्या, बायांच्या दारात नका जाऊ. बबन, तू बस. तुह्या लग्नात माह्या कुरडया खाल्ल्या तू, दोन पत्रावळ्या भरून.”

हशा झाला. ठोसर बसला नाही, पण त्याचा हात खाली आला. सुनंदा मागच्या रांगेत पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्या सासूने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग बेबीबाईंकडे, आणि तोंड मिटून घेतलं.

“मग आता?” एक म्हातारा म्हणाला. “लेप ठेवला तं बायांचं काम जाते. काढला तं आपुन जातो.”

“एक छत काळं करू,” ज्योत्स्ना म्हणाली. “दोनशे अकरा पांढरे, एक काळं. समद्या कुरडया त्याच्यावर.”

प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराकडे बघत होता. काळ्या छताखाली राहणार कोण, हे विचारायची गरज नव्हती.

“माह्यं करतो,” ती म्हणाली.

बेबीबाईंनी सुनेकडे पाहिलं. “अन् आपुन रायनार कुठी?”

“तथीच. खाली. तुमी अन् मी.”

हात वर झाले ते लेप ठेवण्यासाठी. ठोसरने मोजलेही नाहीत.

विलास तीन दिवसांनी घरी आला. सुनंदाने त्याला सगळं आपल्या तोंडाने सांगितलं. तो छताकडे बघून म्हणाला, “मंग, वाळल्या का कुरडया?” त्यानंतर सुनंदा जी रडायला लागली ती स्वयंपाक होईपर्यंत.

ज्योत्स्नाने छताचं काम पंधरा दिवसांत केलं, आणि या वेळी पहिली खूण बेबीबाईंनी केली. कुरडई पाडताना बाई किती वाकते, हात कुठवर पोचतो, वारा कोणत्या बाजूने येतो, ते सगळं त्यांनी खडूने स्लॅबवर काढून दिलं. मग लोखंडी पायांवर, स्लॅबपासून दीड हात उंच, काळा पत्रा बसवला, थोडा तिरपा. पत्र्याला हजारो बारीक भोकं. पत्रा तापतो, त्याच्याखालची हवा तापून हलकी होते आणि वर पळते, तिच्या जागी दुसरी येते, अशी दिवसभर हवा आपोआप वाहती राहते. त्यामुळे कुरडई वरून उन्हाने आणि खालून वाऱ्याने वाळते. पत्र्याने आभाळ झाकलं, म्हणजे या घराची खिडकी बंद झाली, हे खरंच. म्हणून स्लॅबला आतून वीतभर जाडीचा थर दिला, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, पाट्या आणि मध्ये दाबलेला टाकाऊ कापूस, आग धरू नये म्हणून क्षाराच्या पाण्यात भिजवून सुकवलेला. कापसाच्या धाग्याधाग्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. लेप उष्णतेला दारातून हाकलतो. कापूस तिला ओसरीवर बसवून ठेवतो.

जूनच्या पाच तारखेला, दुपारी दोन वाजता, चाचणी. हवा सत्तेचाळीस अंश. पत्रा चौऱ्याहत्तर. ज्योत्स्ना म्हणाली, खोलीत तापमापी ठेवू आणि बाहेरून बघू. बेबीबाईंनी तापमापी तिच्या हातातून घेतली.

“मशीनले काय समजते? मी बसतो.”

“नको आत्याबाई. आधी दोन दिवस पाहू.”

“तू दोन वर्षं लोकायले बूट काढाले लावले ना? मंग.”

त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बरोबर त्या जागी बसल्या, जिथे तीन वर्षांपूर्वी देवानंद आडवा झाला होता. ज्योत्स्ना बाहेर दाराला पाठ लावून उन्हात बसली. दर दहा मिनिटांनी ती दार वाजवायची आणि आतून आकडा यायचा. चौतीस. चौतीस. पस्तीस. वर सुनंदा आणि बाकीच्या बायका कुरडया पाडत होत्या, त्यांची पावलं वाजत होती. चौथ्यांदा दार वाजवलं तेव्हा आतून काहीच आलं नाही.

ज्योत्स्नाने दार ढकललं. बेबीबाई भिंतीला टेकून रडत होत्या. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून, जसं त्या लेकाच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही रडल्या नव्हत्या.

“पस्तीस,” त्या म्हणाल्या. “लिहून ठेव.”

सुनेने दार लावून घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसली. संध्याकाळी सातला वरच्या कुरडया वाळून खणखणीत झाल्या होत्या. त्या दिवशी घरात जेवताना दोघी बोलल्या. फार काही नाही, मीठ कमी पडलं एवढंच.

पुढच्या फेब्रुवारीत ज्योत्स्नाला मूर्तिजापूरच्या तीनशे चाळीस घरांचं काम मिळालं. पहिल्या दिवशी ती ब्रश आणि लेपाचे डबे न घेता गेली. सोबत बेबीबाई होत्या. योजनेच्या साहेबाने विचारलं, “या कोण?” ज्योत्स्ना म्हणाली, “प्रश्न विचारणाऱ्या.” साहेबाने फॉर्म पुढे केला, चौसष्ट रकान्यांचा. बेबीबाईंनी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

पहिल्याच दारात एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती.

“बाई,” बेबीबाई म्हणाल्या, “तुमी कुरडया कुठी वाळू घालता?”

“कुरडया?” ती बाई हसली. “आमी नाई करत. इकतच आनतो.”

“मंग छतावर काय करता?”

“काई नाई.” तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “माहे सासरे निजतात वर. अर्धांग झालं त्याइले, खाली जागा नाई. बारा महिने वरच असतात. गार लागलं की त्यायचं अंग आखडते.”

ज्योत्स्नाने वर पाहिलं. कठड्याच्या पलीकडे एका खाटेचा पाय दिसत होता. ज्या छताला आभाळ दिसतं ते उन्हातही हवेपेक्षा गार राहतं, तर सूर्य बुडाल्यावर किती गार होईल, हे तिला बोटांवर न मोजता माहीत होतं. असली अडचण तिच्या तीन वर्षांच्या कामात कधी आली नव्हती, की आली होती आणि ती जिन्यावरून तशीच पुढे गेली होती, हे तिला सांगता येईना.

बेबीबाईंनी पेन तिच्या हातात दिलं आणि स्वतः जिना चढायला लागल्या.

“लिव,” त्या म्हणाल्या.